गोलपोस्ट नदीत का जातो? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधली ईर्षा, सोप्या भाषेत

५ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघाने अव्वल क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं. शिट्टी वाजली आणि विद्यार्थी मैदानात उतरले. त्यांनी गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेतला, ब्रॉडवे नावाच्या भर बाजारातल्या रस्त्याने मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत त्याचं विसर्जन केलं. विद्यापीठाला १ लाख डॉलर दंड झाला.

असे व्हिडिओ दर हिवाळ्याच्या तोंडावर फोनवर फिरतात. ज्यांची मुलं एमएससाठी ओहायो, मिशिगन, टेक्सास किंवा इंडियानात आहेत, त्या घरांत ते जरा जास्तच काळजीने पाहिले जातात. एवढं अंगात येण्यासारखं काय आहे त्यात? आणि पोलीस काय करत होते? दोन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत. मात्र त्यासाठी हा सगळा प्रकार म्हणजे निव्वळ वेडेपणा, हे आधी डोक्यातून काढावं लागतं. या गर्दीचं वागणं बरंचसं ठरलेलं, घोटवलेलं असतं. ते बिघडतं तेही ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी.

खेळ कळण्यापुरतं

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. तिसरा प्रयत्न सगळ्यात नाजूक. तो फसला की चौथ्याला संघ सहसा चेंडू लाथेने लांब उडवून मोकळा होतो. एवढं कळलं की स्टेडियम मधेच गप्प का होतं आणि मधेच कानठळ्या का बसवतं, हे कळायला लागतं.

मुख्य हंगामात एका संघाचे सामने फक्त १२, आणि कट्टर वैऱ्याशी गाठ त्यातल्या एकदाच. आयपीएलसारखं ‘चला, पुढच्या आठवड्यात बघू’ इथे नसतं. हरलात तर वर्षभर ऐकून घ्यायचं.

आकाराचाही अंदाज हवा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, म्हणजे साधारण तीन वानखेडे. ते ज्या अ‍ॅन आर्बर गावात आहे त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत-बाहेर. सामन्याच्या शनिवारी गावात दुसरं गाव उतरतं, पंढरपुरात आषाढीला उतरतं तसं.

वैर येतं कुठून?

बहुतेकदा शेजारातून. ओहायो स्टेट आणि मिशिगन १८९७ पासून एकमेकांशी खेळतायत, पण दोन राज्यांचं भांडण त्याहून जुनं आहे. १८३५-३६ मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून दोघांनी सीमेवर सशस्त्र माणसं उभी केली होती. सीमावाद पिढ्यान्‌पिढ्या कसा मुरतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. आजही या सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल टेपची फुली मारतात. मिशिगनचा म तेवढा दिसायला नको.

कोल्हापूरकरांना हे लगेच समजेल. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरतात तेव्हा पेठ पेठेशी खेळत असते. त्याला तिथे ‘ईर्षा’ म्हणतात, आणि तो शब्द इथेही चपखल बसतो. द्वेषात समोरचा नकोसा असतो. ईर्षेत तो हवाच असतो, फक्त हरलेला.

पण ईर्षेला बांध लागतो. मिसिसिपी राज्यातलं उदाहरण बघा. १९२६ साली ओल मिसने (म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाने) शेजारच्या कॉलेजला (आजचं मिसिसिपी स्टेट) त्यांच्याच मैदानावर ७-६ ने हरवलं. पाहुण्यांचे चाहते गोलपोस्ट उपटायला धावले, यजमान खुर्च्या घेऊन आडवे आले, आणि जोरदार मारामारी झाली. पुढच्या वर्षापासून दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक करंडक ठेवला, सोनेरी अंड्याच्या आकाराचा. सामन्यानंतर तो रीतसर समारंभाने द्यायचा. हेतू हा की गोलपोस्टऐवजी घरी न्यायला दुसरं काहीतरी असावं! इंडियाना आणि पर्ड्यू १९२५ पासून ओकच्या लाकडाच्या एका जुन्या बादलीसाठी खेळतात, आणि तिच्या साखळीत दरवर्षी जिंकणाऱ्याच्या अक्षराची एक कडी वाढते. बादलीची किंमत शून्य, तरी तिच्यासाठी जीव टाकतात. पुरुषोत्तम करंडकाला ‘अरे आव्वाज कुणाचा’ म्हणून घसा फोडलेल्यांना यात काही नवल वाटू नये.

ओरडण्याचे पाच यार्ड

आता गोंगाटाकडे. तो मला या सगळ्यातला सर्वांत हुशार भाग वाटतो.

चेंडू ज्या संघाकडे आहे त्याचा म्होरक्या म्हणजे क्वार्टरबॅक. दोन चालींच्या मध्ये त्याला साधारण ४० सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने चाल सांगायची, समोरची मांडणी बघून ती बदलायची, आणि आवाजी इशाऱ्यावर चेंडू मागे मागवायचा. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या धिप्पाड खेळाडूंपैकी कुणी चेंडू हलायच्या आधी दचकून हलला, तर संघ ५ यार्ड मागे जातो. इशारा ऐकूच आला नाही तर दचकणार कुणीतरी. १० यार्ड मिळवण्याच्या खेळात फुकटचे ५ गेले, तर निम्मं काम गर्दीने केलं.

यावर उपाय आहे, त्याला मूक मोजणी म्हणतात. क्वार्टरबॅक पाय उचलतो किंवा हात हलवतो. चेंडू धरून ओणवा असलेल्या खेळाडूला शेजारचा थापटतो, मग तो मान वर-खाली करतो आणि ठरल्या ठोक्याला चेंडू सोडतो. पण यात गोम अशी की अगदी कडेला उभ्या खेळाडूला समोरच्या प्रतिस्पर्ध्यावरची नजर काढून तिरकं चेंडूकडे बघावं लागतं. तेवढ्या निमिषात प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूने निसटतो. आवाज थांबवता येत नाही, आणि टाळायचा तर उशीर होतो. २०२४ पासून वरच्या श्रेणीत एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज येतो खरा, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तोही बंद होतो. त्यापुढे पुन्हा इशारे.

म्हणूनच जाणते चाहते सतत ओरडत नाहीत. आपल्या संघाकडे चेंडू असताना अख्खं स्टेडियम कुजबुजतं, प्रतिस्पर्ध्याच्या तिसऱ्या प्रयत्नाला फुटतं. टेक्सास ए अँड एमचे विद्यार्थी तर आदल्या मध्यरात्री स्टेडियममध्ये जमून घोषणांची तालीम करतात, म्होरक्यांच्या हाताच्या खुणांवर. सामना संपेपर्यंत उभं राहतात ते वेगळंच. ८ ऑक्टोबर १९८८ ला लुइझियाना स्टेटने ऑबर्नविरुद्ध सामन्याच्या अखेरीस गुण मिळवून ७-६ अशी आघाडी घेतली, तेव्हा उसळलेल्या गर्दीचा हादरा विद्यापीठाच्याच भूकंपमापकावर उमटला.

आवाजालाही नियम आहेत. दक्षिणेकडच्या एसईसी या विद्यापीठगटाने १९७४ मध्ये कृत्रिम आवाजाची साधनं बंद केली. अडचण मिसिसिपी स्टेटची झाली, कारण तिथे गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवायची जुनी रीत. कित्येक वर्षं त्या लपवून आत नेल्या जात होत्या. २०१० मध्ये तडजोड निघाली: वाजवा, पण ठरावीक वेळीच, चाल चालू असताना घंटेची जीभ धरून ठेवा. आपल्याकडे दहानंतरच्या डीजेचा नियम जेवढा पाळला जातो, त्यापेक्षा हा बराच बरा पाळला जातो.

एकच सामना, दोघांना वेगळा दिसतो

२३ नोव्हेंबर १९५१ ला प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात धसमुसळा सामना झाला. प्रिन्स्टनच्या आघाडीच्या खेळाडूचं नाक मोडलं, पुढे डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंनी किती वेळा नियम मोडला? डार्टमथच्या विद्यार्थ्यांना सरासरी ४.३ वेळा दिसलं, प्रिन्स्टनच्यांना ९.८. फिल्म तीच होती आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं.

पंचाच्या निर्णयावर स्टेडियम खवळतं, ते याच कारणाने. प्रत्येकाला अन्याय खरोखरच दिसलेला असतो.

मैदानात घुसणं: धोका नेमका कुठे?

समजा बलाढ्य संघ हरतोय आणि शेवटचं मिनिट चालू आहे. विद्यार्थ्यांचे स्टँड बहुधा मैदानाला लागून असतात. मागच्या रांगांतले लोक खाली सरकू लागतात, पायऱ्या भरतात, पुढचे कठड्याशी येतात. शिट्टी व्हायच्या आधीच दाब तयार झालेला असतो. गर्दीचं साधं तत्त्व असं की, चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, पाण्यासारखा वाहतो. संध्याकाळी दादरला उतरणाऱ्याला हे पाठ आहे. आपण उतरत नाही, उतरवले जातो.

‘मग दारं लावून अडवायचं ना सरळ!’ ही पहिली स्वाभाविक हरकत. ३० ऑक्टोबर १९९३ ला मॅडिसनमध्ये विस्कॉन्सिनने मिशिगनला १३-१० हरवलं तेव्हा तेच झालं. खाली कठडा आणि कुंपण, सुरक्षारक्षक लोकांना अडवतायत, आणि वरून हजारो जण ढकलतायत. वरच्यांना खालचं दिसत नव्हतं. कठडे कोसळले, माणसांचे ढीग झाले, सत्तरहून अधिक जखमी. कुणी दगावलं नाही, पण खेळाडूंना धावून जाऊन लोकांना ओढून बाहेर काढावं लागलं. म्हणून आता शहाणे व्यवस्थापक लोंढ्यापुढे भिंत घालत नाहीत. वाट मोकळी ठेवतात आणि बंदोबस्त दोन ठिकाणी लावतात: पाहुणा संघ व पंच यांच्याभोवती, आणि गोलपोस्टभोवती.

गोलपोस्ट का? त्याची आडवी दांडी जमिनीपासून १० फुटांवर, तिच्या टोकांना वर आणखी किमान २० फुटांचे उभे दांडे, आणि हा सगळा सांगाडा बहुतेक ठिकाणी एकाच वाकड्या मानेवर उभा. पंचवीस-तीस जण आडव्या दांडीला लोंबकळून झोके घेऊ लागले की ताण त्या मानेवर येतो. ती हळूहळू झुकत नाही, एकदम तुटते, आणि वरचे दांडे चाबकासारखे खाली येतात. कुठे येतील हे खाली उभ्या माणसाला कळत नाही. २००१ मध्ये बॉल स्टेट विद्यापीठात असाच गोलपोस्ट पाठीवर पडून एक विद्यार्थी कायमचा अपंग झाला. त्यानंतर बुडाशी बिजागरी असलेले, झटकन आडवे करता येणारे गोलपोस्ट आले. काही ठिकाणी कर्मचारी शेवटची शिट्टी होताच स्वतःच ते खाली घेतात. गर्दीने पाडण्यापेक्षा बरं.

दंडाने कुणी थांबतं का?

एसईसीमध्ये २०२३ पासून पहिल्या वेळी १ लाख, दुसऱ्या वेळी अडीच लाख, पुढे ५ लाख डॉलर अशी चढती भाजणी होती. आकडा मोठा वाटतो, पण या गटातलं विद्यापीठ गटाच्या कमाईतूनच वर्षाला ५ कोटी डॉलरच्या आसपास मिळवतं. म्हणजे वर्षाला सहा लाख मिळवणाऱ्या माणसाला बाराशे रुपये दंड. आणि तो भरतं विद्यापीठ, घुसणारा नाही. टेनेसीने ऑक्टोबर २०२२ मध्ये अलाबामाला ५२-४९ हरवलं, गोलपोस्ट टेनेसी नदीत गेला, आणि विद्यापीठाने नव्यासाठी चाहत्यांकडे चक्क वर्गणी मागितली. वर्गणी जमलीसुद्धा.

२०२५ मध्ये नियम बदलला. आता प्रत्येक वेळी सरसकट ५ लाख, पण पाहुणा संघ आणि पंच मैदानाबाहेर जाईपर्यंत गर्दी थांबली तर दंड माफ होऊ शकतो. ही अट मला दंडाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. हरलेला, दमलेला, तापलेला खेळाडू आणि नाचणारा विद्यार्थी समोरासमोर येणं, खरी ठिणगी तिथे पडते. ते दोघं काही मिनिटं एकमेकांपासून लांब राहिले की उरतो तो निव्वळ जल्लोष.

झेंड्याचंही तेच. ३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्या घरी १३-१० हरवलं आणि मिशिगनचे खेळाडू मैदानाच्या मधोमध, यजमानांच्या ‘ओ’ चिन्हावर, आपला झेंडा रोवायला गेले. हाणामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड. लक्षात घ्या, ही सुरुवात गर्दीने केलेली नव्हती.

बाटल्या, आणि एक चुकीचा धडा

ऑक्टोबर २०२१ मध्ये टेनेसीच्या स्टेडियममध्ये एका निर्णयावरून ओल मिसच्या संघावर बाटल्यांचा वर्षाव झाला. सामना सुमारे २० मिनिटं थांबला. मैदानात मोहरीच्या सॉसची बाटलीही आली. ओल मिसचा तेव्हाचा प्रशिक्षक लेन किफिन पूर्वी टेनेसीलाच एक वर्ष राहून सोडून गेलेला, त्याला गोल्फचा चेंडू लागला. दंड अडीच लाख.

त्याहून अवघड प्रकार १९ ऑक्टोबर २०२४ चा. टेक्सास विरुद्ध जॉर्जिया सामन्यात यजमानांविरुद्ध निर्णय गेला, बाटल्या आल्या, खेळ थांबला, आणि त्या खोळंब्यात पंचांनी चर्चा करून निर्णय फिरवला. निर्णय मुळात चुकलाच होता, असं बहुतेकांचं मत. पण बघणाऱ्या लाखभर लोकांना दिसलं काय? बाटल्या फेकल्यावर न्याय मिळतो. टेक्सासलाही अडीच लाखांचा दंड झाला, तरी जॉर्जियाच्या चाहत्यांना ते आजही पटत नाही.

दारू आत विकली तर वाढेल की घटेल?

सामन्याआधी स्टेडियमबाहेर गाड्यांच्या डिक्क्या उघडून शेगड्या लावतात, खाणंपिणं चालतं, त्याला टेलगेट म्हणतात. सकाळी आठपासून पिणं सुरू. पूर्वी बहुतेक ठिकाणी आत दारू मिळत नसे, म्हणून आत शिरण्याआधी घाईने भरपूर ढोसायची, आणि मध्यांतराला बाहेर येऊन पुन्हा. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०११ मध्ये उलटं केलं: आत बिअर विकायला सुरुवात, पण बाहेर गेलात तर परत प्रवेश नाही. पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारी कमी झाल्या. एसईसीनेही २०१९ मध्ये सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी विक्रीची मुभा दिली, सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा (क्वार्टर) संपला की विक्री बंद या अटीवर. पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, हे बहुतेक एमएसवाल्यांच्या आड येत नसलं तरी पदवीच्या मुलांच्या येतं.

म्हणून प्रश्न मिटला असं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सामन्याच्या दिवशी १७ ते २४ वयाच्या पीडितांबाबत बलात्काराच्या नोंदी २८ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि सामना घरच्या मैदानावर असेल तेव्हा वाढ त्याहून जास्त. हे स्टेडियमच्या आत घडत नाही, कॅमेऱ्यात येत नाही, आणि त्यासाठी कुठल्याही गटाने दंडाचा तक्ता केलेला नाही.

‘थोडे माथेफिरू असतातच’ हे पुरेसं उत्तर नाही

माथेफिरूही असतात. ऑबर्नमध्ये जिंकल्यावर टूमर्स कॉर्नरच्या ओक वृक्षांवर टॉयलेट पेपरचे रोल फेकायची रीत आहे. २०१० च्या सामन्यात ऑबर्नने अलाबामाला २८-२७ हरवल्यावर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळाशी तणनाशक ओतलं आणि रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून स्वतःच फुशारकी मारली. त्याला तुरुंगवास झाला. झाडं २०१३ मध्ये काढावी लागली. ती वाचावीत म्हणून पैसे जमवणाऱ्यांत अलाबामाचेही चाहते होते.

पण या ईर्षेतली एक फार मोठी जीवितहानी कुठल्याच माथेफिरूने केली नाही. टेक्सास ए अँड एमचे विद्यार्थी टेक्सासविरुद्धच्या सामन्याआधी प्रचंड होळी पेटवत. शिस्तबद्ध, अभिमानाने आणि पिढ्यान्‌पिढ्या. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे सुमारे ५,००० ओंडक्यांची, ५९ फूट उंचीची ती रचना बांधकाम चालू असतानाच कोसळली. १२ जण मेले, २७ जखमी झाले. चौकशीत कारण सापडलं ते साधं: वरच्या थराचे ओंडके खालच्या थरात पाचरीसारखे ठोकले गेले होते, त्यामुळे खालचा थर बाहेर फुगत होता, आणि तो आवळून धरणाऱ्या पोलादी दोऱ्या त्या वर्षी बांधलेल्याच नव्हत्या. दरवर्षी करतो म्हणून कुणी हिशोब मांडला नव्हता. थरांची उंची वाढवणाऱ्या दहीहंडीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल.

पहिल्यांदाच जाणार असाल तर

पिशवी पारदर्शक हवी, बहुतेक ठिकाणी १२ × ६ × १२ इंचांपर्यंत. साधी पाठपिशवी घेऊन गेलात तर दारातून परत पाठवतील. कपड्यांचा रंग आधी तपासा. ओहायो स्टेटला निळा-पिवळा (मिशिगनचे रंग) घालून जाणं म्हणजे भगव्या मिरवणुकीत चुकून दुसऱ्या मंडळाचा टी-शर्ट घालण्यासारखं. मारणार नाही कुणी, पण दिवसभर ऐकवतील. पाहुण्या संघाचे चाहते असाल तर तिकीट पाहुण्यांच्या भागातलंच घ्या, विद्यार्थ्यांच्या स्टँडमधलं स्वस्त मिळालं तरी नको. यजमानांकडे चेंडू असताना फोनवर मोठ्याने मराठीत बोलू नका. शेजारचे रागावतील ते भाषेमुळे नव्हे, आवाजामुळे.

टेक्सास विद्यापीठाचे लोक तर्जनी आणि करंगळी वर करून बैलाची शिंगं दाखवतात. तीच शिंगं जमिनीकडे वळवून फोटो काढलात तर तो त्यांना अपमान वाटतो. खेळाडूने केलं तर पंच १५ यार्डांचा दंडही देऊ शकतो.

निकाल धक्कादायक लागणार असं दिसलं की शेवटच्या दोन मिनिटांत खालच्या रांगा सोडून वर या, कठड्यापासून आणि गोलपोस्टपासून लांब. मैदानात उतरलातच तर गर्दीच्या दिशेने तिरके सरकत कडेला या, खाली पडलेलं काहीही उचलायला वाकू नका.

आणि कोलंबसमध्ये, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावात, रस्त्यात कुणी अनोळखी माणूस तुमच्याकडे बघून ‘ओ-एच!’ असं ओरडला, तर घाबरू नका. त्याला ‘आय-ओ!’ एवढंच उत्तर हवं असतं. ते देऊन पुढे चला.